मीठफुटीच्या रानातली वैरण

१८८५ साली नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले, तेव्हा बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाची जखम अजून ओली होती. त्या दुष्काळात गुरे दावणीलाच मेली होती, माणसे पोटासाठी सरकारी कामांवर खडी फोडत होती, आणि याच कामांत या कालव्याचे खोदकाम सुरू झाले होते. वेळवंडी नदीवर भाटघरला धरण, खाली नीरेवर वीरचा बंधारा आणि तिथून पूर्वेला कोरड्या मुलखात शिरणारा कालवा. पावसाने हुलकावणी दिली तरी ज्वारी-बाजरी हाती लागावी, एवढीच या कालव्याकडून अपेक्षा होती.

घडले वेगळेच. पाऊस बरा झाला की जिरायत शेतकरी पाणी मागत नसे आणि कालव्याची पाणीपट्टी भरत नसे. पाणी घेतले ते उसाने. सासवडकडचे माळी बागाईतदार खाली कालव्यावर उतरले, त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळे लावली आणि नीरेकाठचा गूळ पुण्या-मुंबईच्या बाजारात जाऊ लागला. पुढे हेच माळी गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर गेले आणि १९३२ साली त्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. महाराष्ट्राच्या बागाईतीचा हा अभिमानाचा अध्याय आहे. त्याच अध्यायात, त्याच पाटांच्या कडेला, जमिनी पांढऱ्या पडू लागल्या.

शेतकऱ्यांच्या बोलीत याला ‘मीठ फुटणे’ म्हणतात. उन्हाळ्यात वरंब्यांवर आधी पिठासारखी पांढरी भुकटी दिसते. पुढच्या वर्षी उसाच्या फडात टक्कल पडते, मग तिथे बी उगवतच नाही. काही जमिनी याच्याही पुढे जातात. त्या ओल्या असताना साबणासारख्या निसरड्या होतात आणि वाळल्या की दगडासारख्या टणक. त्या चोपण. मीठफुटी आणि चोपण हे एकाच दुखण्याचे दोन टप्पे असले तरी त्यांचे उपचार वेगळे आहेत, आणि हा फरक कळायला बराच काळ गेला.

इशारा उत्तरेतून आधीच आला होता. यमुनेच्या पश्चिम कालव्यावर कर्नालजवळच्या मुनक गावाने जमिनीवर क्षार चढत असल्याची तक्रार १८५५ सालीच केली होती. दख्खनच्या कालव्यांची आखणी करणाऱ्यांपुढे हा अनुभव होता. तरीही कालवा खोदताना पाणी शेतात कसे जाईल एवढेच पाहिले गेले. ते शेतातून बाहेर कसे पडेल, याचा हिशेब पुढे ढकलला गेला.

नीरेच्या खोऱ्यात खाली बसाल्ट खडक, त्यावर मुरूम आणि त्यावर काळी माती. कालव्याचे पाणी तसे गोडे. पण चढाच्या रानात भरपूर पाणी दिले की ते मुरमापर्यंत उतरते, खडकाच्या झिजेतून सुटलेले क्षार सोबत घेते आणि उताराने सखल रानाकडे सरकते. तिथली काळी माती चिवट. पाण्याला पुढे वाट नाही. भूजल वर येते. ते जमिनीच्या पृष्ठापासून चार-पाच फुटांवर आले की मातीच्या बारीक छिद्रांतून आपोआप वर खेचले जाते. ऊन पाणी घेऊन जाते, क्षार मागे राहतात. म्हणून अनेकदा पाणी एकाच्या रानात जास्त होते आणि मीठ त्याच्या खालच्या शेजाऱ्याच्या रानात फुटते.

अशा भागातल्या विहिरीचे पाणी उपसून पुन्हा पिकाला दिले की दुखणे वाढते. ज्या पाण्याची विद्युत वाहकता १ डेसिसायमन प्रति मीटर असते, त्याच्या एका लिटरमध्ये साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. जिभेला ते फारसे जाणवत नाहीत. पण पाटाने भिजणाऱ्या उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी दिले, तर त्या हिशेबाने एकरी पाच टनांवर क्षार मातीत उतरतात. शेतकरी शेणखताच्या गाड्या मोजतो. ही न दिसणारी भर कोणी मोजत नव्हते.

मोजायला सुरुवात केली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाने. डॉ. हॅरॉल्ड मान १९०७ साली तिथे प्राचार्य म्हणून आले. पुढे पुण्याजवळच्या एका खेड्यातल्या जमीनधारणेचा आणि कर्जाचा अभ्यास त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केला, त्यामुळे समाजशास्त्राचे अभ्यासक त्यांना ओळखतात. मुळात ते शेतीचे रसायनशास्त्रज्ञ. व्ही. ए. ताम्हणे यांच्यासोबत त्यांनी नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींची पाहणी केली आणि १९१० साली ती मुंबई सरकारच्या कृषी खात्याची पत्रिका म्हणून छापली गेली. कालवा सुरू होऊन पुरती तीन दशकेही झाली नव्हती, आणि त्याने बिघडवलेल्या जमिनींवर सरकारी पुस्तिका निघाली होती.

अभियंतेही स्वस्थ नव्हते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत मांडली: ऊस एकाच जागी वर्षानुवर्षे न ठेवता ठरावीक गटांत, इतर पिकांच्या फेरपालटीने घ्यायचा आणि पाणी अधिक गावांना वाटायचे. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग सुरू केला. क्लॉड इंग्लिस यांनी तो वाढवला आणि त्यातूनच खडकवासल्याची जलसंशोधन संस्था उभी राहिली. आज धरणांच्या प्रतिकृतींसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या पहिल्या कामांत दख्खनच्या पाणथळ जमिनी होत्या. चर नुसता काळ्या मातीत खोदून भागत नाही, तो खालच्या मुरमाला भिडला तरच पाणी ओढतो, हे या कामातून स्पष्ट झाले. १९३२ साली नीरेच्याच काठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले आणि कालव्याखालच्या मातींचे पद्धतशीर वर्गीकरण तिथे झाले.

म्हणजे १९४० च्या आधीच रोगाचे निदान झाले होते. कमी पाणी द्या, चर काढा, फेरपालट करा. औषध मात्र शेतकऱ्याच्या पचनी पडत नव्हते, आणि त्याला कारण होते. जमीन सुधारायला तीन-चार वर्षे लागतात. तेवढी वर्षे त्या रानातून काय खायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर त्या पडीक रानांतच उगवत होते. मीठ फुटलेल्या जमिनीत ऊस मेला, गहू मेला, तरी बांधाकडून हरळी सरकत आत येई. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या कुदळीने खणून काढलेले, गणपतीला दूर्वा म्हणून वाहिलेले हेच गवत. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ डब्ल्यू. पी. केली या मृदाशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात चोपण जमिनीच्या सुधारणेचे प्रयोग केले. एका तुकड्यात त्यांनी जिप्सम किंवा गंधक घातले नाही, फक्त हरळी वाढवली आणि पाणी दिले. काही वर्षांत ती जमीन पुन्हा पिकाला लायक झाली.

यामागचे कारण पुढे अधिक नेमके कळले. गवताची दाट मुळे श्वास घेतात आणि मातीत कर्बवायू सोडतात. पाण्यात मिसळून त्याचे सौम्य आम्ल होते आणि ते मातीतला चुना विरघळवते. सुटलेले कॅल्शियम चिकणमातीला चिकटलेल्या सोडियमला बाजूला सारते, आणि पाण्याला खाली वाट असेल तर ते सोडियम धुऊन जाते. अमेरिकेत आयडाहो राज्यात चार्ल्स रॉबिन्स यांनी १९८० च्या दशकात वैरणीच्या ज्वारीवर हीच प्रक्रिया मोजून दाखवली. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी मुबलक असल्याने हे शास्त्र इथे थेट लागू पडते.

फाळणीनंतर पंजाबच्या दोन्ही बाजूंनी याच वाटेने काम झाले. फैसलाबादच्या जी. आर. संधू आणि के. ए. मलिक यांनी १९७५ साली मांडले की खारट जमिनीवर निसर्ग ज्या क्रमाने वनस्पती आणतो, तोच क्रम शेतकऱ्याने धरावा: आधी कल्लर गवत, मग शेवरीच्या कुळातली द्विदल झाडे, मग नेहमीची पिके. इकडे कर्नालला १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. तिथे हेच गवत कर्नाल गवत म्हणून ओळखले जाऊ लागले. ते साचलेल्या पाण्यात तग धरते, पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते आणि जनावरे ते खातात. दोन-तीन वर्षे हे गवत ठेवल्यावर मातीचा सामू उतरतो, हे कर्नालच्या शेतांवर दिसून आले.

गवत कापून नेले की त्याबरोबर मीठही जाते, असे अनेकांना वाटते. जाते, पण थोडे. सिंचनाच्या पाण्याने येणाऱ्या क्षारांपुढे ते किरकोळ ठरते. गवताचे मोठे काम मातीच्या आत चालते. मुळे छिद्रे पाडतात, पाणी खाली मुरू लागते, वरची सावली बाष्पीभवन कमी करते.

कोणते पीक किती मीठ सोसते, याचे आकडे अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेच्या मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ साली एकत्र केले. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता किती होईपर्यंत उत्पादन घटत नाही, ते हे तक्ते आणि त्यांच्या पुढच्या सुधारित आवृत्त्या सांगतात. उसाची मर्यादा १.७, वैरणीच्या मक्याची १.८, लसूणघासाची २. ज्वारीची मात्र ६.८ आणि हरळीची ६.९. मर्यादा ओलांडली की ऊस दर एककामागे जवळपास ६ टक्के घटतो. म्हणजे ज्या रानात ज्वारी अजून पूर्ण उत्पादन देते आहे, तिथे उसाने सुमारे ३० टक्के आणि लसूणघासाने ३५ टक्के उत्पादन गमावलेले असते. घास पौष्टिक खरा, पण मीठफुटीच्या रानात त्याचा क्रम ज्वारीनंतर येतो. दलदलीच्या कोपऱ्याला पॅरा गवत, मध्यम खारट रानाला वैरणीची ज्वारी किंवा ऱ्होड्स गवत, सुधारत आलेल्या तुकड्याला संकरित नेपियर, आणि घास सगळ्यात शेवटी. नेपियरचे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘यशवंत’, ‘फुले जयवंत’ किंवा ‘बाएफ’ या संस्थेचे बीएनएच-१० असे वाण शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत.

पाणी देण्याच्या पद्धतीत खरा पालट झाला तो वाळवंटात. इस्रायलच्या नेगेवमध्ये १९४६ साली हात्झेरिम नावाची सामुदायिक वसाहत वसली. तिथली माती इतकी खारट निघाली की जागा सोडावी की काय, यावर वसाहतीत चर्चा झाली. लोक राहिले, पाणी देऊन त्यांनी माती धुतली. याच वसाहतीने १९६५ साली अभियंता सिम्खा ब्लास यांच्याशी करार करून नेताफिम ही ठिबक संच बनवणारी कंपनी काढली. गळक्या नळाजवळचे झाड शेजारच्या झाडांपेक्षा जोमदार वाढलेले पाहून ब्लास यांना ठिबकाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ती प्रत्यक्षात उतरवायला मात्र प्लास्टिकच्या नळ्या स्वस्त होईपर्यंत थांबावे लागले.

ठिबकाचा आणि मिठाचा संबंध जगापुढे ठळकपणे आणला तो इस्रायलचेच संशोधक डी. गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. अरावा खोऱ्यातले पाणी खारट आणि हवा कोरडी. तुषार सिंचनाने असे पाणी पानांवर पडले की पाने करपत. सऱ्यांमध्ये दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत माती वाळून मिठाची तीव्रता वाढे. तेच पाणी थेंबाथेंबाने रोज मुळाशी दिले तर भाजीपाला चांगला येई. १९७० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यात जादू नाही. मातीत मीठ तेवढेच असले तरी पाणी भरपूर असेल तर ते विरळ राहते, आणि पाणी कमी झाले की मुळाला जाचते. ठिबक मुळांभोवती कायम वाफसा ठेवते. तोटीखाली ओल्या मातीचा एक गड्डा तयार होतो, थेंबांच्या रेट्याने क्षार त्याच्या कडेकडे सरकतात आणि मध्ये मुळांना मोकळी जागा मिळते. उन्हाळ्यात दोन नळ्यांच्या मधोमध उमटलेली पांढरी रेघ हे ठिबक काम करत असल्याचेच लक्षण असते. धोकाही त्याच रेघेत आहे. वळवाची पहिली सर पडली की कडेचे मीठ विरघळून मुळांकडे परत येते. म्हणून अनुभवी शेतकरी अशा हलक्या सरीत ठिबक बंद करत नाहीत, उलट चालू ठेवतात.

महाराष्ट्रात ठिबक रुजले १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. जळगावची जैन इरिगेशन, राज्य सरकारचे अनुदान, खानदेशची केळी, नाशिकची द्राक्षे. नगदी फळपिकांनी त्याचा खर्च उचलला. वैरणीला इतका महागडा संच कोण लावणार, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. तो बदलला दुधामुळे. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बाएफ’ची स्थापना केली आणि संकरित गाई खेडोपाडी पोचल्या. कोल्हापूरचा ‘गोकुळ’ दूध संघ १९६३ चा. संकरित गाय कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यांवर दूध देत नाही. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे जनावरांच्या अंगातले कॅल्शियम कमी होते, हे दूधवाल्या शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. हिरव्या वैरणीला बाराही महिने भाव आला आणि डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी हाती येऊ लागले. जमीन सुधारेपर्यंत काय खायचे, या जुन्या प्रश्नाला प्रथमच रोख उत्तर मिळाले.

बहुवार्षिक गवताला ठिबक सोयीचेही पडते. नेपियर एकदा लावला की काही वर्षे नळ्या हलवाव्या लागत नाहीत. दर दीड-दोन महिन्यांनी कापणी होते आणि प्रत्येक कापणीनंतर नत्राची भूक लागते. इथे खताचा प्रश्न येतो, आणि खारट जमिनीत तो नाजूक आहे, कारण रासायनिक खत हाही एक क्षारच. नीरेकाठच्या जुन्या उसाला एरंडीची आणि करंजाची पेंड पडे, मग सल्फेट ऑफ अमोनिया आले, मग युरिया. चोपण जमिनीचा सामू साडेआठच्या वर असतो. तिथे वर फोकलेल्या युरियातले बरेच नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते. ठिबकाला जोडलेल्या व्हेंच्युरीतून तेच खत थोडे थोडे मुळाशी सोडले की नासाडी घटते आणि एकदम क्षार वाढत नाहीत. पालाशासाठी क्लोराइडवाले म्युरेट टाळून सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे लागते. नत्रासाठी अमोनियम सल्फेट आणि स्फुरदासाठी युरिया फॉस्फेटसारखी आम्लधर्मी खते अशा मातीला मानवतात. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट एका टाकीत कालवले तर साका बसतो आणि तोट्या बुजतात. नत्राचा हात सैल सुटला तर ताणाखालच्या ज्वारीत नायट्रेट साठून वैरण जनावरांना बाधू शकते. चोपणात जस्त आणि लोह मुळांना मिळेनासे होते. पिवळी पडलेली पाने पाहून आणखी युरिया ओतणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

आणि चोपण जमीन नुसत्या ठिबकाने सुधारत नाही. पाणी आतच शिरत नसेल तर तोटीखाली डबके होते. तिथे आधी जिप्सम किंवा, माती चुनखडीची असेल तर, गंधक लागते. शेणखत, साखर कारखान्याची मळी आणि धैंच्याचे हिरवळीचे खत लागते. कर्नालच्या केंद्रीय संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रातली क्षारबाधित जमीन सुमारे ६ लाख हेक्टर आहे आणि त्यात चोपणाचा वाटा ४ लाख हेक्टरांहून जास्त. तेव्हा हा तपशील किरकोळ नाही.

ठिबक मिठाला मुळापासून दूर ठेवते, शेतातून हाकलत नाही. बारामतीसारख्या पर्जन्यछायेच्या भागात पाऊस कमी. तो मीठ खाली नेतो, पण खालून वाट नसेल तर हिवाळ्यात ते पुन्हा वर येते. इंग्लिस यांनी चरांच्या रूपात मागितलेली वाट आता जमिनीखालून काढता येते: चार-पाच फूट खोल पुरलेल्या, छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, त्यांवर गाळणीचे कापड, आणि शेवटी नाल्यात सोडलेले तोंड. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने या कामाचा अभ्यास केला. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून सच्छिद्र नळ्यांचे मोठे काम उभे केले, आणि कृष्णाकाठची वर्षानुवर्षे पडीक राहिलेली राने पुन्हा पिकाखाली आली. २००९ साली बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थाही सुरू झाली. नीरेच्या ज्या खोऱ्यात मान आणि ताम्हणे माती तपासत हिंडले, तिथेच आज क्षारता आणि पाण्याचा ताण यांवर प्रयोग चालतात.

ठिबक संच एकटा शेतकरी घेऊ शकतो. निचऱ्याची नळी मात्र दहा जणांच्या बांधांखालून जाते, आणि त्यातल्या एकाने नाही म्हटले की वरच्या नऊ जणांचे पाणी अडते. म्हणूनच कालव्याच्या चाऱ्या जशा गावांना धरून आखल्या गेल्या, तसे निचऱ्याचे जाळेही शिवाराला धरून आखायला हवे, आणि ठिबकाचे अनुदान व निचऱ्याचे काम एकाच आराखड्यात मंजूर व्हायला हवे. त्या आराखड्यात पहिल्या तीन वर्षांचे पीक म्हणून वैरण लिहिलेली असावी, तिच्या खरेदीची हमी गावच्या दूध संस्थेने घ्यावी आणि दर उन्हाळ्यात मातीची वाहकता मोजून पुढचे पीक ठरावे. तो आकडा दोनच्या खाली आला की घास लावता येईल. ऊस परत आणायचाच असेल तर तो ठिबकावर यावा. कारण पाटाने दोन मीटर पाणी पुन्हा सुरू झाले, तर खालच्या शेजाऱ्याच्या रानात मीठ फुटायला काही हंगाम पुरतात.